परळचा प्रथमोपचार वर्ग आणि लूकचा दहावा अध्याय

परळला, टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शनिवार-रविवार प्रथमोपचाराचा वर्ग भरतो. एक सेवाभावी संस्था तो चालवते. पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही. माझं मत मात्र आधीच सांगते: जरूर जा. विशेषतः ज्यांचं काम गावोगाव, पाड्यापाड्यांवर फिरण्याचं आहे त्यांनी जा. पाळक, सुवार्तिक, आश्रमशाळेतले शिक्षक, मुलांना गडांवर नेणारे, सगळ्यांनी. फी परवडणारी आहे, शिकवणारे मनापासून शिकवतात आणि प्रत्येकाचे हात कामाला लावतात. नुसतं ऐकून कुणी घरी जात नाही.

मी भायखळ्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले. लग्नानंतर काही वर्षं मुंबईतच बायकांच्या प्रार्थनासभा घेतल्या, आणि मग मोखाडा तालुक्यात सुवार्तिकेचं, म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्याचं, काम स्वीकारलं. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून खोडाळ्याच्या रस्त्याने जीप, आणि शेवटी पायवाट. पावसाळ्यात ओढे भरले की काही पाडे तुटतात. तिथल्या लोकांना हे नवीन नाही, मला ते अंगवळणी पडायला वेळ लागला. धोक्यांची सवय होते असं मी लोकांना सांगायचे. गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्रीनंतर मी तसं सांगणं सोडून दिलं.

भाताच्या लावणीचे दिवस होते. आम्ही चौघं एका घरी मुक्कामाला होतो. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, त्यावर चटया. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ सुवार्तिक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते पहाटेच्या सुमारास उठून बसले आणि पोटात दुखतंय म्हणाले. घरातल्या आजीने ओवा पुढे केला. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, घसा आवळल्यासारखा होतोय. तेवढ्यात शेजारच्या घरातून आशाताई आली. तिने कंदील त्यांच्या तोंडाजवळ धरला, पापण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोळे मिटायला लागलेत यांचे. मण्यार असंल. हलवू नका, चालवू नका." तिनेच १०८ ला फोन लावला. तिनेच माणसं उठवली, बांबू आणायला सांगितला. डोली करून दादांना डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिथून त्यांना नाशिकला हलवलं. तिथे श्वासाच्या मशीनवर राहून दादा वाचले. देवाची दया, आणि त्या दयेला त्या पहाटे आशाताईचे हात होते. हे मी उपासनेत साक्ष देताना म्हटलं आहे आणि इथेही म्हणते.

नंतर आमच्या मंडळाने मला काही काळ मुंबईतच काम दिलं. हॉस्पिटलात रुग्णांना भेटायचं, गावाकडून आलेल्या आणि फुटपाथवर पथारी टाकलेल्या नातेवाइकांशी बोलायचं, कुणाला धर्मशाळा शोधून द्यायची. चांगलं काम आहे ते. पण परत पाड्यांवर जायचं की नाही, हा प्रश्न रोज रात्री समोर यायचा. आप्तांनी दोन प्रकारचा सल्ला दिला. काही म्हणाले, मुलीचं शिक्षण आहे, आता पुरे. काहींनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय दाखवला, विश्वास असेल तर साप काही करणार नाही म्हणाले. पहिला सल्ला प्रेमाचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा मला मान्य नव्हता. दादांचा विश्वास माझ्यापेक्षा दहापट मोठा आहे, आणि मण्यार त्यांनाच चावली.

या वर्गाचा कागद मी हॉस्पिटलजवळच्याच एका औषधाच्या दुकानात चिकटवलेला पाहिला.

आता वर्गाविषयी. आमच्या तुकडीत सोसायट्यांचे वॉचमन होते, एका शाळेच्या बसवरच्या दोन मावशी, भिवंडीच्या गोदामातले सुपरवायझर, जिममध्ये शिकवणारा एक मुलगा, आणि सासऱ्यांना हृदयविकार असल्याने आलेली एक सून. शिकवायला दोघं. एक बाई, ज्यांचं आयुष्य सरकारी हॉस्पिटलात परिचारिका म्हणून गेलं, आणि एक सर, जे पूर्वी अग्निशमन दलात होते. बाई मराठीत बोलतात आणि गरज पडली की हिंदीत. कुणाला समजलं नाही तर त्या तिसऱ्यांदाही त्याच शांतपणे सांगतात.

शनिवारची सकाळ सगळी छाती दाबण्यावर गेली, आणि ते योग्यच आहे. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर आधी कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं आणि लगेच सुरुवात करायची. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० वेळा दाबलं की २ श्वास. कागदावर हे दोन ओळींत मावतं. बाहुल्यावर करायला बसलं की मिनिटभरात दंड भरून येतात आणि दाब उथळ पडायला लागतो. बाहुल्यात दिवा आहे, नीट दाबलं तरच लागतो, त्यामुळे समजूत करून घ्यायला जागा राहत नाही. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत आधी श्वास द्यायचा, कारण त्याचा जीव हवेवाचून गेलेला असतो, हेही तिथेच कळलं. ओढ्यांच्या मुलखात काम करणाऱ्या माझ्यासाठी ते फार मोलाचं होतं.

बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तुम्ही कितीही दणकट असा, दमलेले हात नीट दाबत नाहीत. दुसरा असेल तर त्याला बसवा, संकोच करू नका. जिमवाल्या मुलाला हे पटत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला पाच मिनिटं सलग करायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला दिवा लागायचा थांबला. त्या क्षणी मला लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आठवला. प्रभू येशूने शिष्यांना पाठवलं ते दोघादोघांना. लांडग्यांमध्ये कोकरं पाठवावीत तसं पाठवतो आहे, हे त्याने त्यांना तोंडावर सांगितलं. धोका लपवला नाही, आणि एकट्यालाही धाडलं नाही. परत जायचं की नाही हे मी इतके महिने एकटीने ठरवत बसले होते. मंडळाकडे जाऊन कुणाबरोबर जाऊ, असं विचारायचं मला त्या दुपारी सुचलं. माझ्या पुढच्या निर्णयाची सुरुवात तिथे झाली.

दुपारनंतर रक्तस्राव, भाजणं, घशात घास अडकणं. जखमेवर थेट दाब द्यायचा आणि कपडा भिजला म्हणून तो काढून बघत बसायचं नाही, त्यावरच दुसरा ठेवायचा. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फही नाही. बसवरच्या मावशींनी घशात अडकलेल्या घासाचा सराव इतक्या तळमळीने केला की बाईंनी त्यांनाच पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायला लावलं.

एका वॉचमनने विचारलं, रस्त्यावर पडलेल्याला हात लावला आणि तो गेला, तर पोलीस आम्हाला धरतील का? सरांनी नीट उत्तर दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. अपघातातल्या माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. या कायद्यात मदत करणाऱ्याला इंग्रजीत 'गुड समॅरिटन' असं जे नाव दिलं आहे ते लूकच्या त्याच दहाव्या अध्यायातल्या शोमरोन्याचं. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा रस्ता, लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले पुजारी आणि सेवक. तो रस्ता शोमरोन्यासाठीही तितकाच धोक्याचा होता. लुटारू अजून जवळपास असतील हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? तरी तो थांबला. आणि त्याने काय केलं याची लूकने यादीच दिली आहे: जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले. लूकला प्रेषित पौलाच्या पत्रात वैद्य म्हटलं आहे. तो अध्याय मी शेकडो वेळा शिकवला असेन. पट्टी बांधायला शिकले ती या वर्गात.

रविवारचा वर्ग सकाळीच सुरू होतो. ही माझी पहिली तक्रार. आमच्यासारख्यांची सकाळची उपासना बुडते. मी संध्याकाळच्या इंग्रजी उपासनेला गेले, पण प्रत्येकाला ते जमणार नाही. आठवड्यातल्या इतर दिवशी एखादी तुकडी काढली तर मंडळ्यांमधून बरेच लोक येतील, हे मी त्यांना लिहून दिलं आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे. साप आणि विंचू हा विषय त्यांनी शेवटच्या तासात, घाईने उरकला. मुंबईत त्याची गरज कमी, हे मान्य. पण आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि ती बहुतेक खेड्यांतली असतात. ज्या परळमध्ये हा वर्ग भरतो, तिथेच प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली उभी राहिलेली हाफकिन संस्था आहे. सर्पविषावरच्या औषधाशी महाराष्ट्रात हेच नाव जोडलेलं आहे. तिच्या इतक्या जवळ बसून या विषयाला जेमतेम एक तास, हे मला खटकलं.

तरीही त्या तासात जे सांगितलं ते पक्कं होतं. दोरी आवळून बांधू नका. चिरा देऊ नका. तोंडाने विष ओढू नका. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी आधी काढा, कारण सूज आली की ती रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी असते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेलं विष मुलाचं वय बघून कमी होत नाही. घोणस-फुरशाच्या दंशात दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय हे कळतं. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, खूण दिसेलच असं नाही, दुखेलच असं नाही. पोटात कळ, मग जड पापण्या, मग श्वास. सर हे सांगत होते आणि मला दादांचा कंदिलाच्या उजेडातला चेहरा दिसत होता. आशाताईने पापण्याच का पाहिल्या ते मला तेव्हा नीट समजलं. विंचवाबद्दल सांगताना सरांनी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घेतलं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध चालतं हे त्यांनी दाखवून दिलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मी माझा प्रश्न विचारला. तुमच्या प्रत्येक पाठाच्या शेवटी रुग्णवाहिका येते. आमच्याकडे ती डांबरी रस्त्यापर्यंत येते, आणि पाडा तिथून डोंगर उतरून खाली आहे. मधल्या वेळात काय करायचं? वर्ग संपला होता, बाकीचे प्रमाणपत्रांसाठी रांगेत उभे होते. सर थांबले. दोन बांबू आणि एक गोधडी यांची डोली कशी घट्ट करायची, गोधडी नसेल तर दोन शर्ट बाह्या आत घालून बांबूत कसे ओवायचे, बेशुद्ध माणसाला डोलीत उताणा न ठेवता कुशीवर कसा ठेवायचा म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही, चढावर डोकं कुठल्या बाजूला, खांदा कधी बदलायचा, हे त्यांनी हॉलमधल्याच सतरंजीवर करून दाखवलं. बाई स्वतः आडव्या झाल्या. अंधार पडेपर्यंत दोघंही थांबले, आणि त्या तासाभराची कुठेही फी नव्हती. वर्गाच्या पुस्तिकेत यातलं काहीच नाही. ते तिथे यायला हवं. खेड्यांसाठीची वेगळी तुकडी काढली तर निम्मा अभ्यासक्रम या प्रश्नावर लागेल.

पुस्तिका आणि पडद्यावरची चित्रं इंग्रजीत आहेत, ही तिसरी तक्रार. शिकवणं मराठीत आणि हातात दिलेलं पुस्तक इंग्रजीत, म्हणजे बसवरच्या मावशींच्या घरी ते कपाटात जाणार. मी माझ्यापुरतं मराठीत उतरवून घेतलंय आणि बाईंना तपासायला दिलंय. बाहुलेही कमी होते. मागे बसणाऱ्याला सरावाची पाळी उशिरा येते, तेव्हा लवकर पोहोचा आणि पुढे बसा.

आता ज्यांना माझ्यासारखा प्रश्न पडला आहे, त्यांच्याशी थोडं बोलते. लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात साप आणि विंचू तुडवण्याचा अधिकार दिल्याचं वचन आहे, आणि माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला पण त्याला काही झालं नाही हे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. दोन्ही मी मानते. पण पौल त्या बेटावर सापांशी खेळायला गेला नव्हता. जहाज फुटलं होतं, पाऊस आणि थंडी होती, तो सगळ्यांसाठी सरपण गोळा करत होता. साप निघाला तो त्या सरपणातून. आणि त्याच अध्यायात, बेटाच्या मुख्याचे वडील ताप आणि आमांशाने पडले होते तेव्हा तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. धोका वाटेत येतो. आपण निघालेले असतो ते दुसऱ्या कशासाठी तरी.

मुंबईच्या मराठी मंडळ्यांना गॉर्डन हॉल हे नाव परकं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यांच्यातले ते एक. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथे पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. बरोबर नेलेली पुस्तकं आणि औषधं त्यांनी लोकांत वाटली. मुंबईकडे परतताना वाटेतल्या एका गावी त्यांनाच पटकीने गाठलं आणि काही तासांत, २० मार्चला, ते गेले. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकली की मला फक्त मरण आठवायचं. आता त्यांच्या सामानातली औषधं आठवतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने, ज्या काळात पटकीवर धड उपायही नव्हता, त्या काळात पुस्तकांबरोबर औषधं उचलली होती. माझ्याजवळ आज १०८ आहे, लस आहे, बाईंनी शिकवलेले हात आहेत, आणि मी मात्र जाऊ की नको म्हणत होते.

एका बाबतीत मात्र मी हॉलसाहेबांपेक्षा वेगळं करणार आहे. माझ्या प्रथमोपचाराच्या पिशवीत पत्रकं ठेवणार नाही. पाड्यांवर आमच्याकडे संशयाने बघणारे लोक आहेत. एका गावाने सभेला नाही म्हटलं तेव्हा आम्ही मुकाट्याने परतलो होतो, आणि नाही म्हणण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. जखमी माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याची पट्टी बांधताना मी दुसरं काही पुढे केलं तर त्याच्या असहायतेचा फायदा घेतल्यासारखं होईल. शोमरोन्याने त्या माणसाला काहीच विचारलं नाही, उतारशाळेचे पैसे दिले आणि आपल्या वाटेने गेला. सुवार्ता सांगायची वेळ वेगळी असते. मी ती उघडपणे सांगते आणि सांगत राहीन. मंडळात यावर चर्चा झाली, एक-दोघांना पटलं नाही. बाकीच्यांनी ठराव केला की मदतीची पिशवी वेगळी, आणि तिचा खर्चही वेगळ्या खात्यातून.

दादांनी काठी धरून का होईना, चालायला सुरुवात केली आहे. ते स्वतः येणार नाहीत, पण त्यांचा पुतण्या माझ्याबरोबर येतोय. त्याचंही नाव मी याच वर्गात घातलं. आशाताईलाही फोन केला होता. ती म्हणाली, या की, पण येताना मच्छरदाण्या आणा, गादीखाली खोचता येतील अशा लांब. सर्पदंश टाळण्यासाठी सरांनीही हेच सांगितलं होतं. मंडळीने दादरहून घाऊक भावात घेतल्या आहेत, आमच्यासाठीही आणि ज्या घरांत आम्ही राहतो त्या घरांसाठीही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. नाव नोंदवताना मराठी तुकडी मागून घ्या, सांगितलं नाही तर हिंदीत बसवतात. बायकांनी सलवार-कमीज घालून जावं, जमिनीवर गुडघे टेकून काम असतं आणि साडीत ते अवघड जातं. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, बाई टेबलावर बाहुला मांडून देतात. जेवणाचा डबा न्या. खेड्यात काम करत असाल तर पहिल्याच दिवशी सरांना तसं सांगा आणि दुसऱ्या दिवशी तासभर जास्त ठेवा. आणि शक्य तर मे महिन्याच्या आत करा, कारण जूनमध्ये तुकड्या भरलेल्या असतात आणि आमच्याकडे तोवर पाऊस सुरू होतो.